पाहुण्या दोरीचा मुक्काम

दोरी मंगळवारी तुटली, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण पुढच्या तीन आठवड्यांत मास्तरांना ती सात निरनिराळ्या फॉर्मांवर लिहावी लागली आणि दर वेळी त्यांचं पेन कागदात थोडं जास्त रुतत गेलं. सातव्या फॉर्मावर तर ती मागच्या बाजूनेही वाचता येत होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. वह्यांच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं कागद कापण्याच्या मशीनवर काढली, म्हणून ते कटिंगमास्तर. पुढे बढती मिळाली, मशीन सुटलं, त्याबरोबर 'कटिंग' गळून पडलं आणि मास्तर तेवढे उरले. आता ते दुसऱ्या मजल्यावर पॅकिंग खात्याचे प्रमुख होते. या कारखान्यात वह्या तळमजल्यावर तयार होत, गठ्ठे बांधायला दुसऱ्या मजल्यावर जात आणि बांधून झाले की गाडीत चढवायला पुन्हा तळमजल्यावर येत. हे असं का, असा प्रश्न एका नव्या कामगाराने एकदा विचारला होता. पुढे तो दुसरीकडे कामाला लागला आणि म्हणे बराच वर चढला.

वह्यांची ही ये-जा होत असे एका लोखंडी पिंजऱ्यातून. कागदोपत्री तो 'मालवाहू उद्वाहक' होता, पण सगळे त्याला पाळणा म्हणत. पाळण्याचा खटका वर, मास्तरांच्या टेबलाशेजारी. माल भरणारी मावशी खाली. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नसे. म्हणून कुणीतरी, कधीतरी, भिंतीलगत वरपासून खालपर्यंत एक दोरी सोडली होती आणि तिच्या वरच्या टोकाला पितळी घंटी बांधली होती. मावशीने एक हिसका दिला तर थांबा, दोन दिले तर वर घ्या, तीन दिले तर खाली सोडा. पिंजऱ्यात वाकून गठ्ठे सारखे करायचे असले तरी मावशीचा डावा हात दोरीवरून सुटत नसे. बावीस वर्षांत त्या दोघांचं बोलणं मुख्यतः त्या दोरीनेच झालं होतं. एखाद्या दिवशी हिसका जरा तुटक आला की मास्तर ओळखत, आज मावशीचं घरी कुणाशी तरी वाजलंय.

तर ती दोरी तुटली. नुसती तुटली असती तर गाठ मारून भागलं असतं. पण ती आतून कुजली होती. एक गाठ मारली की दुसरीकडे तुटे, दुसरी मारली की तिसरीकडे, आणि चार गाठींची दोरी कप्पीत अडकून बसे. मग मावशीने खालून लोखंडी पट्टीने पिंजऱ्यावर ठोके द्यायला सुरुवात केली. वर गठ्ठे आवळायच्या मशीनचा खडखडाट. बुधवारी मास्तरांनी दोन ठोके ऐकले आणि पाळणा वर घेतला. त्यातला दुसरा ठोका मावशीचा नव्हता, एका कलंडलेल्या गठ्ठ्याचा होता. मावशीचा हात आत होता.

हात वेळेवर बाहेर आला. मनगटावरचं घड्याळ मात्र चेपलं.

मास्तर धावत खाली गेले. मावशी चेपलेलं घड्याळ कानाला लावून बघत होती.

"बंद पडलं," ती म्हणाली. "तसंही पाच मिनिटं मागेच पडायचं."

"हात बघू."

"हात आहे की. बघताय काय, दोरीचं बघा."

"सोमवारी दोरी बसलेली असेल," मास्तर म्हणाले. "माझा शब्द."

मास्तरांचा शब्द ही त्या कारखान्यात जवळजवळ वस्तू होती. ते शुक्रवारी गाडी भरतो म्हणाले की ड्रायव्हर गुरुवारी रात्री निवांत झोपत. त्यामुळे मावशीने मान डोलावली आणि कामाला लागली. सोमवारपर्यंत पाळणा चालवताना मास्तर दर खेपेला खटक्यावर हात ठेवून जिन्याच्या कठड्यावरून ओरडून विचारत आणि खालून ओरडून उत्तर आल्याशिवाय खटका दाबत नसत. शनिवारी त्यांचा आवाज बसला.

त्याआधी गुरुवारी ते स्टोअरमध्ये गेले होते. स्टोअरकीपर हा मनाने वाईट माणूस नव्हता. तो फक्त यादीच्या बाहेर कधी गेला नव्हता.

"बारा मीटर दोरी पाहिजे," मास्तर म्हणाले.

"कशाच्या बदल्यात?"

"तुटलेल्या दोरीच्या."

स्टोअरकीपरने यादीवरून बोट फिरवलं. "पाळणा आहे. घंटी आहे, पितळी, नग एक. दोरी नाही."

"नाही कशी? बावीस वर्षं ओढतोय आम्ही."

"ओढत असाल हो. पण यादीत नाही. जी नाहीच, ती तुटेल कशी, मास्तर?"

मास्तरांनी खिशातून दोरीचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला. स्टोअरकीपरने तो चष्मा वर करून पाहिला आणि हळूच त्यांच्याकडे परत सरकवला, जणू बेवारशी मूल कुणी उंबऱ्यावर ठेवून जात होतं.

"मग आता घाला यादीत."

"घालतो की. माझं काय जातंय? चालू स्थितीत आणून दाखवा, लगेच घालतो. मोडक्या वस्तूची नव्याने नोंद होत नाही."

इथे मास्तरांच्या तळपायाची आग निघाली. मस्तकापर्यंत ती पोहोचायला अजून तीन आठवडे होते, पण वाटेत ती कुठेही विझली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दोरी म्हणून दोरी मिळत नाही, तर निदान विजेची घंटी घ्यावी, असं मास्तरांनी ठरवलं. घराच्या दाराला असते तशी. खाली बटण, वर घंटी, मध्ये वायर. हीच मागणी त्यांनी गेली सहा वर्षं दर वर्षी केली होती, त्यामुळे मास्तर नव्याच्या विरुद्ध होते असं कुणी म्हणू नये. तसं पुढे म्हटलं गेलं, तो भाग वेगळा.

कारखान्याचा कारभार त्या वर्षीच धाकट्या साहेबांकडे आला होता. धाकटे साहेब प्रदर्शनांना जात. यंत्रांच्या प्रदर्शनाला जाऊन आलेला माणूस आणि नुकतं लग्न ठरलेला माणूस यांच्या चेहऱ्यावर एकच तेज असतं, आणि दोघांनाही त्या आठवड्यात काही सांगण्यात अर्थ नसतो. यंत्रांच्या बाबतीत त्यांचं धोरण साधं होतं. जुनं असेल तर ते चालतंय तोवर त्याकडे बघायचं नाही. नवं असेल तर ते चालतं का हे बघायच्या आत घ्यायचं. या दोन्हींच्या मध्ये जगातल्या बहुतेक उपयोगी वस्तू येतात, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

या वेळी ते प्रदर्शनातून एक सल्लागार घेऊन आले होते. सल्लागार तरुण होता, बूट घालत असे पण मोजे घालत नसे. त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना एक प्रश्नावली वाटली. वर मथळा होता, 'उदयोन्मुख व प्रस्थापित तंत्रज्ञानाविषयी आपला दृष्टिकोन'. खाली तीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच गोल. पहिला गोल 'अजिबात सहमत नाही', शेवटचा 'पूर्णपणे सहमत'. बदलाची मला उत्सुकता वाटते. नव्या साधनांमुळे माझ्यातला मी अधिक उमलतो. मास्तरांनी एकही गोल भरला नाही. पान उलटलं आणि मागे ठळक अक्षरांत लिहिलं: पाळण्याच्या घंटीची दोरी मंगळवारी १०.५० वाजता तुटली आहे. माणसाचा हात जाईल. दोरी द्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना केबिनमध्ये बोलावणं आलं. सल्लागाराने भिंतीवर एक चित्र लावलं होतं. सगळा कारखाना हिरव्या ठिपक्यांचा आणि दुसऱ्या मजल्यावर एक लाल ठिपका.

"हा मी?" मास्तरांनी विचारलं.

"ही व्यक्ती नाही, हा विरोधाचा बिंदू आहे," सल्लागार गोड आवाजात म्हणाला. "तीसपैकी शून्य उत्तरं. तुमच्या मनात भीती आहे, काका. आम्ही ती समजून घेतो."

"भीती आहेच. मावशीच्या हाताची."

"मास्तर," धाकटे साहेब म्हणाले, "तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"दोरी. नाहीतर विजेची घंटी."

सल्लागाराने वहीत दोन रकाने आखले. "विजेची घंटी उदयोन्मुख आहे का?"

"नाही हो. माझ्या आजोबांच्या घरी होती."

"म्हणजे प्रस्थापित. आपल्याकडे प्रस्थापित आहे?"

"असती तर मागितली असती का?"

"मग अडचण आहे," सल्लागार खऱ्या सहानुभूतीने म्हणाला. "नव्या तंत्रज्ञानाच्या निधीत ती बसत नाही, कारण ती नवी नाही. दुरुस्तीच्या निधीत बसत नाही, कारण दुरुस्त करायला ती इथे असायला हवी."

"आणि दोरी?"

"दोरी तर तंत्रज्ञानच नाही."

मास्तर केबिनमधून बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. वाटेत त्यांनी पाण्याचा एक ग्लास घेतला आणि तो न पिताच परत ठेवला. रागाने तहानसुद्धा विसरायला होते.

रविवारी संध्याकाळी त्यांनी घरच्या बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडली. चांगली निळी, नायलॉनची, बारा मीटरला वीतभर जास्तच.

"अहो, ओले कपडे आहेत त्यावर," बायको म्हणाली.

"खुर्च्यांवर टाक."

"कारखाना तुमच्या वडिलांचा आहे का? दोरीसुद्धा घरून?"

"शब्द दिलाय."

बायकोने कपडे गोळा केले. नवऱ्याच्या शब्दापायी तिच्या घरातून यापूर्वी एक शिडी, एक पंखा आणि एक नवा कोरा स्टोव्हचा पंप गेलेला होता. दोरी त्यामानाने हलकी होती.

सोमवारी फाटकावर वॉचमनने पिशवी उघडली. वॉचमन पूर्वी सैन्यात होता आणि नोंदवही भरताना जीभ किंचित बाहेर काढत असे.

"खाजगी माल आत नेता येत नाही, मास्तर. नवा नियम."

"मग काय करू?"

वॉचमनने विचार केला. तो माणूस मदतीचा होता, पण मदतही त्याला नियमातूनच करता येत असे. "माल म्हणून नाही येणार. पाहुण्यांच्या वहीत लिहितो." आणि त्याने लिहिलं. नाव: दोरी, निळी. कोठून: मास्तरांच्या घरून. कोणाला भेटायचे: पाळण्याला. काम: वैयक्तिक. "पण एक आहे हां. पाहुणे संध्याकाळी सहाच्या आत बाहेर पडले पाहिजेत. रात्री आत पाहुणा राहिला तर मला वर उत्तर द्यावं लागतं."

अशा रीतीने सोमवारी, शब्द दिल्याप्रमाणे, दोरी बसली. मावशीने दोन हिसके दिले, घंटी वाजली आणि वर मास्तरांनी चार दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. संध्याकाळी साडेपाचला त्यांनी स्टुलावर चढून दोरी सोडली, गुंडाळली, पिशवीत घातली, फाटकावर 'बाहेर' या रकान्यात तिच्या वतीने सही केली आणि घरी नेली. तिथे बायकोने ती बाल्कनीत बांधली. सकाळी मास्तरांनी पुन्हा सोडली. दोरी अशी दोन पाळ्यांत कामाला लागली. तिला साप्ताहिक सुट्टी तेवढी होती, पण रविवारी कपडे जास्त असतात.

याचा परिणाम वेगळ्याच ठिकाणी झाला. रोज सकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ कपाळाला आठ्या घालून, हातात दोरी घेऊन, कुणाशी न बोलता जिना उतरतो, आणि संध्याकाळी तीच दोरी घेऊन, त्याहून जास्त आठ्या घालून वर येतो. शेजाऱ्यांनी यातून काय समजायचं? गुरुवारी इमारतीच्या गच्चीला कुलूप लागलं. शुक्रवारी शेजारचे निवृत्त बँकवाले काका येऊन बसले आणि उगाचच म्हणाले, "आयुष्यात चढउतार असतातच."

"आमच्याकडे दिवसाला साठ," मास्तर म्हणाले. ते पाळण्याविषयी बोलत होते.

काकांनी त्यांचा हात हातात घेतला. "मोकळेपणाने बोला. नोकरीचं काही?"

"एक साधी दोरी देत नाहीत हो. स्वतःची न्यावी लागते."

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन मास्तरांच्या बायकोशी दबक्या आवाजात काहीतरी विचारलं आणि तिथून बाईचं हसू ऐकू आलं. ते हसू मास्तरांना लागलं. मरायला निघालेला माणूस म्हणून तरी दोन दिवस कुणी आदराने वागवलं होतं. आता तेही गेलं. पुढे काकांनी सल्ला बदलला. "वायरलेस घंटी का नाही बसवत?" ते विचारू लागले. जावयाकडे आहे म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात नवा पाळणा आला. म्हणजे पाळणा तोच, पण त्याच्या छताला कॅमेरा, खाली एक बोलणारा डबा, वर मास्तरांच्या टेबलावर एक पडदा. आता खटका दाबायला माणूस नको. कॅमेरा आत बघणार, माल आहे आणि माणूस नाही अशी खात्री करणार, आणि पाळणा आपणहून निघणार. आत चेहरा दिसला तर पाळणा जागचा हलणार नाही. मास्तरांनी हे ऐकून प्रामाणिकपणे मान डोलावली. कल्पना चांगली होती. मावशीच्या हातासाठी त्यांनी कॅमेऱ्याचीही पूजा केली असती. जुना लाल खटका तेवढा त्यांनी काढू दिला नाही. मेन स्विच म्हणून तो टेबलाशेजारी राहिला.

मावशीने पहिले गठ्ठे रचले, वरच्या थरात चोवीस. डब्यातून मध घातल्यासारखा बाईचा आवाज आला: "पाळण्यात माणसे आहेत. एकूण चोवीस. कृपया एकेक करून बाहेर पडा."

त्या कारखान्याच्या प्रत्येक वहीवर दोन वेण्या घातलेली एक हसरी मुलगी असे. इतकी वर्षं तिच्याकडे कुणी निरखून पाहिलं नव्हतं. पाहिलं ते कॅमेऱ्याने.

"चोवीस मुली हसतायत आणि एक पण उतरत नाही," मावशी जिन्यातून वर ओरडली. "काय करू, मास्तर? कान धरू?"

सल्लागार आला. त्याने गठ्ठे उलटे ठेवायला सांगितले. वहीच्या मागच्या बाजूला तीच मुलगी आणि तिचा भाऊ होता. डबा म्हणाला, "एकूण अठ्ठेचाळीस." सल्लागाराने घाम पुसला आणि म्हणाला की यंत्र अजून शिकतंय.

"कधी शिकेल?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही जितकं वापराल तितकं."

"ते हललं तर वापरू ना."

दोन दिवस कारखाना ठप्प झाला. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला: गठ्ठ्यांवर पांढरी चादर घालायची. चादर घातली की मुली दिसत नाहीत, पाळणा चालू. धाकट्या साहेबांनी तेवढ्यात सहा चादरी शिवून आणल्या, कडेला कारखान्याचं नाव भरून. दोरीच्या मागणीवर अजून त्यांची सही व्हायची होती.

मास्तर चादरीकडे बघत राहिले. मग केबिनमध्ये गेले.

"चादरीखाली मुलगी दिसत नाही," ते म्हणाले, "तशी मावशीही दिसणार नाही."

"मावशी चादरीखाली कशाला जाईल?" सल्लागाराने विचारलं.

"तुम्ही कधी गठ्ठे रचलेत?"

"काका, हा पुन्हा तोच बिंदू."

"मास्तर," धाकटे साहेब म्हणाले, "पुढच्या सोमवारी उद्योजक मंडळाचे लोक येतायत. नव्या तंत्रज्ञानाबाबत सकारात्मक दृष्टिकोन, यासाठी आपल्याला प्रमाणपत्र मिळतंय. त्या दिवशी ती निळी दोरी दिसता कामा नये. मी फाटकावर सांगून ठेवलंय."

मास्तरांनी हात मागे बांधले होते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं आवळलं होतं की संध्याकाळपर्यंत तिथे बोटांचे ठसे राहिले.

त्या सोमवारी सकाळी मास्तर बनियनवर उभे होते आणि बायको त्यांच्याभोवती दोरी गुंडाळत फिरत होती.

"श्वास घ्या. आता सोडा. असले धंदे या वयात." तिने टोक आत खोचलं. "आणि हे बघा, संध्याकाळी ही परत आणू नका. मी काल बाल्कनीत तार बांधून घेतली."

"कुणाकडून?"

"काकांकडून. ते म्हणाले, घरात दोरी नसलेलीच बरी."

फाटकावर वॉचमनने मास्तरांच्या पोटाकडे पाहिलं. शनिवारपेक्षा ते चांगलंच पुढे आलं होतं. शर्टाच्या दोन गुंड्यांमधून निळा रंग डोकावत होता.

"तब्येत सुधारली, मास्तर."

"हो."

"चांगलं आहे," वॉचमन म्हणाला आणि वही न उघडता फाटक उघडलं.

पाहुणे अकराला आले. दुसऱ्या मजल्यावर पडद्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीलगत, खांबाच्या आड, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा बेताने दोरी खाली गेलेली होती. धाकटे साहेब बोलायला उभे राहिले. आमच्याकडे पूर्वी दोऱ्या ओढत असत, असं ते म्हणाले आणि पाहुणे हसले. मास्तर लाल खटक्याशेजारी उभे होते. त्यांना हसू आलं नाही.

पडद्यावर पांढरी चादर दिसत होती. तिच्या मधोमध एक सुरकुती होती.

"खाली सांगा, चादर नीट करा," धाकटे साहेब सल्लागाराला म्हणाले. सल्लागाराने फोनवरून खाली निरोप दिला. चादर जराशी हलली, मधला भाग फुगला, एक गठ्ठा आत घसरल्यासारखा झाला. मग सगळं शांत झालं. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी अक्षरं उमटली: माणसे शून्य. पाळणा निघत आहे.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत घंटी वाजली.

एकदाच. पण असा हिसका मास्तरांनी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. घंटी खिळ्यासकट निघून जमिनीवर पडली. ती पडण्याआधीच त्यांचा तळहात लाल खटक्यावर आपटला होता.

"हे काय वाजलं?" एका पाहुण्याने विचारलं.

"काही नाही," सल्लागार म्हणाला. "पडद्यावर सगळं हिरवं आहे."

मास्तर जिना कसे उतरले ते त्यांना आठवत नाही. पाळणा जमिनीपासून दोन हात वर थांबला होता. घसरलेला गठ्ठा उचलायला मावशी चादरीखाली शिरली होती, कमरेपर्यंत आत, पाय बाहेर, चवड्यांवर. डावा हात दोरीवर. दोन कामगारांनी तिला धरून ओढलं. खांदा सोलवटला होता, बाही फाटली होती, डोक्यावर चादर तशीच होती. ती एका गठ्ठ्यावर बसली. डाव्या मुठीतली दोरी तिने अजून सोडली नव्हती.

"एकच दिला," ती म्हणाली. "जास्त द्यायला वेळ नव्हता. ऐकू गेला ना?"

मास्तरांनी मान हलवली आणि मग बराच वेळ ती हलतच राहिली.

धाकटे साहेब, सल्लागार आणि पाहुणे जिन्यावरून खाली आले. एकाच्या हातात प्रमाणपत्राची चौकट होती. आत्तापर्यंत तळपायापासून निघालेली आग मास्तरांच्या मस्तकात पोहोचली होती, पण आवाज चढला नाही. पहिल्या शनिवारी बसलेला तो आवाज अजून जेमतेमच होता आणि त्या दिवशी कारखान्यातली सगळी मशीनं बंद असल्याने तो सगळ्यांना ऐकू गेला.

त्यांनी सल्लागाराला पाळण्याजवळ बोलावलं, मेन स्विच चालू करायला माणूस वर पाठवला, मावशीच्या डोक्यावरची आणि गठ्ठ्यांवरची चादर ओढून काढली आणि मावशीला विचारलं, "तोंड जरा आत करता? लांबूनच."

मावशीने मान पुढे केली. डबा मधाळ आवाजात म्हणाला, "पाळण्यात माणसे आहेत. एकूण पंचवीस. कृपया एकेक करून बाहेर पडा."

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. "पंचवीस. यांतली एक खरी आहे. ती कोणती, ते तुमच्या डब्याला सांगता येत नाही. चादर घातली की तो खरीलाही शून्य म्हणतो आणि वर घेऊन निघतो. मी तुमच्याकडे काय मागितलं होतं? बारा मीटर दोरी. सहा वर्षं एक बटण मागतोय. ते नवं नाही म्हणून घेता येत नाही आणि ही जुनी म्हणून दिसता कामा नये. बाईचा हात नवा आहे का जुना, हे कुठल्या गोलात भरायचं, साहेब? ती प्रश्नावली आणा. आज सगळी भरतो."

कुणी प्रश्नावली आणली नाही. पाहुण्यांपैकी एकाने प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हातात दिलं, त्याने ते तिसऱ्याच्या. शेवटी ते धाकट्या साहेबांच्या हातात आलं, कारण त्यावर त्यांचं नाव आधीच छापलेलं होतं.

दुपारी मावशीच्या खांद्याला मलमपट्टी झाली आणि साडेतीनला मास्तरांच्या टेबलावर एक पत्र आलं. प्रात्यक्षिकाच्या वेळी अनधिकृत दोरीमुळे चार मिनिटांचा खंड पडला, याबाबत दोन दिवसांत खुलासा करावा. मास्तरांनी पेन काढलं. खुलाशात त्यांनी लिहिलं, दोरी मंगळवारी १०.५० वाजता तुटली. इथे कागद फाटला. ते पत्र त्यांनी तसंच परत पाठवलं. मग घंटी उचलली, तिला नवा खिळा ठोकला, नेहमीच्या दुप्पट जाडीचा, आणि दोरीला अशी गाठ मारली की सोडायची तर दातच लागावेत.

सहाला ते फाटकावर आले. हात रिकामे, पोट सपाट. वॉचमनने वही पुढे ओढली.

"दोरी?"

"आत आहे."

"सहा वाजले, मास्तर."

"वाजू देत. ती आता बाहेर येणार नाही. उद्या नाही, परवा नाही. तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

"आज तर मी तिला आत येताना लिहिलंच नाही," वॉचमन म्हणाला. "आतच आली नाही, तर बाहेर कशी जाईल?"

मास्तरांच्या जबड्याची हाडं वर आली. गेले तीन आठवडे हेच वाक्य त्यांनी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं होतं.

वॉचमनने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग तो मागची पानं उलटत शनिवारपर्यंत गेला. शनिवारची 'बाहेर' रकान्यातली मास्तरांची सही त्याने पट्टी लावून, सरळ रेघेत खोडली. जीभ किंचित बाहेर आली. शेरा लिहायच्या जागी त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं:

पाहुणी अजून आत आहे. काम चालू आहे.